माळशेजमध्ये दम सोडणारी पिकअप: इंजेक्टर मोठे घालायचे का?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. २०१८ ची बोलेरो पिकअप, बीएस४, एक लाख नव्वद हजार किलोमीटर झालेले. नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला जाता, येताना रिकामे क्रेट. गेल्या हंगामापासून मोरोशी सोडून माळशेज चढायला लागलं की गाडी तिसरा गिअर धरत नाही, दुसऱ्यात टाकावी लागते आणि मागे काळा धूर सोडते. एका ट्यूनिंगवाल्याने तुम्हाला पॅकेज सांगितलंय: मोठ्या भोकांचे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे), आतून घासून मोठा केलेला इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) बंद आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, रीमॅपिंग. तुम्ही विचारताय, करू का?

नका करू. निदान आत्ता तरी नको.

कारण तुमच्याच लिहिण्यात सापडतं. पहिली तीन वर्षं हीच गाडी हाच घाट तिसऱ्यात चढत होती, असं तुम्ही म्हणता. तेव्हा इंजेक्टर याच मापाचे होते, मॅनिफोल्ड हाच होता. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते, तरी तिला दुसरा लागतो. म्हणजे कंपनीने ताकद कमी दिली असं नाही, मधल्या काळात ती कुठेतरी हरवली आहे. पोट फुगलेल्या बैलाला पेंड वाढवून तो औत ओढत नाही. आधी पोट बघतात.

आता हे इंजेक्टर-मॅनिफोल्डचं खूळ येतं कुठून तेही सांगतो, कारण माझ्या गॅरेजवरची पोरंही दिवसभर तेच व्हिडिओ बघतात. अमेरिकेत पिकअप म्हणजे बऱ्याचदा पेट्रोलचं मोठं व्ही८ इंजिन. शेवरले सिल्व्हराडोचं जुनं ५.३ लिटरचं घ्या. त्या इंजिनात टर्बो नाही, हवा पिस्टनच्या ओढीनेच आत येते. तिथे मॅनिफोल्डच्या नळ्या किती लांब, किती रुंद यावर कुठल्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाचे फेरे) हवा जास्त भरेल ते ठरतं. लांब नळी खालच्या आरपीएमला ओढ देते, आखूड नळी वरच्या. म्हणून मॅनिफोल्ड बदलला की तिथे खरंच फरक पडतो. इंजेक्टरचंही तसंच. त्यांचा हिशोब सरळ आहे: पेट्रोलच्या इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२७ ग्रॅम पेट्रोल लागतं असं धरायचं. ४०० अश्वशक्ती हवी तर तासाला ९१ किलो. आठ इंजेक्टरमध्ये वाटा, इंजेक्टर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही हे धरा, की एका इंजेक्टरला मिनिटाला सुमारे ३२० मिलिलिटरची क्षमता लागते. जुना त्याहून लहान असेल तर बदलावाच लागतो. वर ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, तो हवा-पेट्रोलचं प्रमाण सांभाळतो.

आपल्या डिझेलचं गणित वेगळं. तुमचं २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, साधारण ७० अश्वशक्तीचं. पूर्ण ताकदीवर ते तासाला बारा किलोच्या आसपास डिझेल पितं. चार इंजेक्टर, ३००० आरपीएमला प्रत्येकजण सेकंदाला २५ वेळा मारतो. भागाकार केला की एका वेळी ३० मिलिग्रॅमच्या आसपास डिझेल पडतं, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब. तो थेंब एक-दोन मिलिसेकंदात, केसाच्या दुप्पट जाडीच्या पाच-सात भोकांतून, हजार-दीड हजार बारच्या दाबाने धुक्यासारखा फोडायचा. त्या जुन्या अमेरिकन व्ही८ चा पेट्रोल इंजेक्टर चार बारच्या आसपास काम करतो. दोघांनाही आपण इंजेक्टरच म्हणतो, पण एक पिचकारी आहे आणि दुसरं सोनाराचं काम आहे.

आणि हवा? तेच इंजिन ३००० आरपीएमला टर्बोचा दाब न धरताही मिनिटाला ३७८० लिटर हवा गिळतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ चार टाक्या, दर मिनिटाला. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला कागदावर साडेचौदा ग्रॅम हवा लागते, पण डिझेल इंजिनात हवा-डिझेल नीट मिसळायला वेळच मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त लागते. अठराच्या खाली गेलात की काळा धूर सुरू. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी. तुमची गाडी आजच काळा धूर सोडतेय. याचा अर्थ डिझेल तिला आहे त्या हवेला जास्त होतंय, नाहीतर नीट फवारलं जात नाहीये. अशा गाडीत मोठे इंजेक्टर घालणं म्हणजे ज्याला पचत नाही त्याला वाढून देणं.

भोकांचं अजून एक. भोक दहा टक्के मोठं केलं की क्षेत्रफळ एकवीस टक्के वाढतं. ईसीयूला ते माहीत नसतं. तो आपला जुन्या हिशोबाने इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, डिझेल मात्र जास्त पडतं. आयडलिंगला ठोके येतात, प्रीइंजेक्शनचा, म्हणजे मुख्य फवाऱ्याआधीचा, एक-दोन घनमिलिमीटरचा छोटा थेंब बिघडतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो हे विसरू नका. लांब चढावर टर्बोच्या आधीचं तापमान साडेसातशे अंश सेल्सियसच्या वर सतत राहिलं तर आधी टर्बो बोंबलतो, मग पिस्टनचा माथा. रीमॅप करून हे सांभाळता येतं, नाही असं नाही. पण ते करणाऱ्याकडे डायनो (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) हवा, एक्झॉस्टचं तापमान मोजायचं साधन हवं. लॅपटॉपवरून तयार फाइल चढवणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

मॅनिफोल्ड घासून मोठा करण्याबद्दल तर मी हात जोडतो. टर्बो गाडीत हवा दाबून आत ढकललेली असते, त्यामुळे नळीची लांबी-रुंदी थोडी इकडेतिकडे झाल्याने घाट चढताना काही कळत नाही. उलट डिझेल हेडमधले पोर्ट मुद्दाम गोगलगाईच्या शंखासारखे वळवलेले असतात, हवा सिलिंडरमध्ये भोवऱ्यासारखी फिरावी म्हणून. त्या भोवऱ्यातच डिझेल मिसळतं. मॅनिफोल्डच्या नादाने ग्राइंडर घेऊन कोणी पोर्टपर्यंत आत गेला आणि ते वळण गुळगुळीत करून बसला, तर हेड बदलल्याशिवाय उपाय नाही.

तरीही तुमच्या ट्यूनिंगवाल्याने बोट बरोबर जागी ठेवलंय, हे मान्य करतो. रोग बहुधा मॅनिफोल्ड आणि इंजेक्टरमध्येच आहे. औषध चुकलंय.

ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडायची व्यवस्था. ज्वलनाचं तापमान खाली येतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. कल्पना चांगली, पण त्या धुरात काजळी असते. दुसरीकडे इंजिनच्या ब्रीदरमधून ऑईलची वाफ इनटेकमध्ये येते. काजळी आणि ऑईल मॅनिफोल्डमध्ये भेटले की डांबर तयार होतं. ईजीआर असलेल्या कुठल्याही कंपनीच्या डिझेल गाडीत हे कमी-जास्त होतं. जी गाडी गावातल्या गावात कमी आरपीएमवर फिरते, तासन्‌तास आयडलिंगला उभी राहते, तिच्यात लवकर. वाशीच्या मार्केटात रात्री रांगेत गाडी चालू ठेवून झोपता ना? तिथे ते साचतं.

मागच्या वर्षी तुमच्याच गाडीसारखी एक आली होती, आळेफाट्याच्या भाजीवाल्याची. मॅनिफोल्ड उतरवला तर ज्या तोंडात माझा अंगठा सहज जायला हवा तिथे करंगळी अडकत होती. कार्बन वरून ओला, चकचकीत, बोट दाबलं तर ठसा उमटेल असा, आणि आत भिंतीला लागून दगड. पोराने गंमत म्हणून सगळा खरवडून वजनकाट्यावर ठेवला, ३१० ग्रॅम भरला. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर असतो तिथे अजून एक गोष्ट होते. हवा कमी येतेय हे ईसीयूला कळतं आणि धूर होऊ नये म्हणून तो स्वतःच डिझेल कापतो. मग धूरही नाही आणि दमही नाही, मालक चक्रावतो. त्या भाजीवाल्याची गाडी निव्वळ साफसफाईवर मोकळी झाली. एकही नवा इंजेक्टर लागला नाही.

तुमच्याकडे मात्र धूर आहे, म्हणून मला इंजेक्टरवरही संशय आहे. पण क्रमाने जाऊ.

पहिल्या दिवशी पाना हातात घ्यायचाच नाही. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी एका स्वच्छ बाटलीत सोडा आणि बाटली अर्धा तास ठेवून बघा, खाली पाणी बसलंय का, तळाशी चांदीसारखी चमकी दिसतेय का. चमकी दिसली तर तिथेच थांबा, गाडी चालवू नका. तो हाय प्रेशर पंप आतून झिजल्याचा पुरावा असतो, आणि तो चुरा इंजेक्टरपर्यंत पोचला की टाकीपासून रेलपर्यंत (चारही इंजेक्टरना दाबाचं डिझेल पुरवणारी सामायिक नळी) सगळं धुवावं लागतं. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी होज बघा. क्लिपजवळ ऑईलचा ओलावा म्हणजे तिथून हवा निसटतेय. एकाने ॲक्सिलरेटर द्यायचा, दुसऱ्याने साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे सांगतात. मी सांगितलं तर खोटं वाटेल, पण ‘दम नाही’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत फाटक्या होजच्या गाड्या कितीतरी असतात. कधी तर ब्रेकच जॅम झालेले असतात. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी कशी घरंगळते ते बघा आणि थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच चटका देत असेल तर इंजिनला दोष देऊ नका.

यानंतर स्कॅनर. नुसते फॉल्ट कोड पुसायला नाही, चालू आकडे बघायला. ईसीयूने मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्षातलं रेल प्रेशर शेजारी ठेवायचं आणि चढावर गाडी चालवायची, शेजारी बसून कोणीतरी आकडे बघेल. दोन्ही हातात हात घालून चढले पाहिजेत. प्रत्यक्षातलं मागे पडलं तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरचं रिटर्न (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल). मग आयडलिंगला चारही सिलिंडरची दुरुस्ती बघायची, म्हणजे ईसीयू कोणाला किती जास्त-कमी डिझेल देऊन इंजिन समतोल ठेवतोय ते. तीन शून्याच्या आसपास आणि एक लांब पळालेला असेल तर तो सिलिंडर बोलतोय. लगेच इंजेक्टर बदलू नका. त्याचं कॉम्प्रेशनही कमी असू शकतं.

रिटर्नची टेस्ट ही माझी सर्वांत आवडती, कारण तिला जवळजवळ खर्च नाही. मेडिकलमधून सलाइनच्या चार नळ्या आणि सारख्या मापाच्या चार बाटल्या आणायच्या. चारही इंजेक्टरची रिटर्नची नळी काढून तिथे या नळ्या लावायच्या, बाटल्या बॉनेटला तारेने ओळीत टांगायच्या, इंजिन गरम करून तीन मिनिटं आयडलिंगला ठेवायचं. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं चढलं पाहिजे. एकात दुप्पट आलं तर त्या इंजेक्टरच्या आतली वीण सैल झाली आहे, डिझेल सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी परत पळतंय. गिऱ्हाईकाला हे दाखवलं की बोलावंच लागत नाही, त्याला डोळ्यांनी दिसतं. ज्यांची गाडी सकाळी लांब सेल्फ मारल्यावर सुरू होते त्यांनी हे आधी करावं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत आम्ही कुठला सिलिंडर मिस करतोय हे शोधायला चालू इंजिनवर एकेका पाइपचा नट सैल करायचो. ती सवय जुन्या मिस्त्र्यांच्या हातात मुरलेली आहे. कॉमन रेलवर ती करू नका. तुमच्या मोटरसायकलच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, इथे शेकड्यांत दाब आहे. ती बारीक धार कातडी फाडून आत जाते. शेजारच्या गॅरेजमधल्या एका पोराच्या बोटात गेली होती. बाहेरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका, रक्तसुद्धा नीट आलं नाही, तो हसत होता. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला आणि ऑपरेशन करून बोट उघडावं लागलं. असं झालं तर मलम लावून घरी जायचं नाही. त्याच तासात मोठ्या हॉस्पिटलात जाऊन ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ हे शब्द सांगायचे. आणि इंजिन बंद केल्यावरही पाइप खोलायच्या आधी दहा मिनिटं चहा प्या.

आता समजा मॅनिफोल्ड उतरवायचं ठरलं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, होज-सेन्सर काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ईजीआरचा पाइप जाम झालेला असतो त्याला आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑईल मारून ठेवा. मॅनिफोल्ड निघाला की पहिलं काम, हेडच्या उघड्या पोर्टमध्ये स्वच्छ कापडाचे बोळे, आणि किती घातले ते मोजून पाटीवर खडूने लिहायचं. हसू नका. उमेदवारीत असताना माझ्या हातून सहा मिमीचा एक नट पोर्टमध्ये गेला. मला वाटलं बाहेर पडला, वाकून शोधला, नाही मिळाला, गप्प बसलो. सेल्फ मारला तेव्हा जो आवाज आला तो अजून कानात आहे. व्हॉल्व्ह वाकला, हेड उतरलं, उस्तादांनी मला शिवी दिली नाही, फक्त हेडची गॅस्केट माझ्या पगारातून आणायला लावली. तेव्हापासून बोळे मोजतो.

मॅनिफोल्ड धुण्याची एक मोठी चूक गावोगावी चालते. कास्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकतात. लोखंडाच्या भांड्याला ते चालतं, ॲल्युमिनियमला कास्टिक खाऊन टाकतं. फेस येतो, मिस्त्री म्हणतो ‘बघा कसं निघतंय’, प्रत्यक्षात मॅनिफोल्ड विरघळत असतो आणि गॅस्केटची जागा खडबडीत होते. आधी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने जाड थर खरवडा, मग रात्रभर डिझेलमध्ये किंवा कार्बन क्लीनरमध्ये भिजवा, सकाळी बाटली धुवायच्या ब्रशने घासा, डिटर्जंटच्या गरम पाण्याने धुवा, कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवा, उन्हात ठेवा. पुरतं वाळणं फार महत्त्वाचं आहे. आत डिझेल किंवा सॉल्व्हंट साचून राहिलं तर इंजिन सुरू होताच ते इनटेकमधून आत ओढतं आणि चावी बंद केली तरी बंद पडत नाही, आरपीएम वाढतच जातात. चालू डिझेल इंजिनच्या इनटेकमध्ये स्प्रे मारून ‘न खोलता सफाई’ करणाऱ्यांपासून मी याच कारणाने चार हात लांब राहतो. कधी असं झालंच तर चावी फिरवत बसू नका. एअर इनटेकचं तोंड लाकडी फळीने झाका, हाताने अजिबात नाही. किंवा ब्रेक दाबून टॉप गिअरमध्ये टाकून क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल.

हेडच्या बाजूचे पोर्टही साफ करायचे असतात, पण त्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह बंद असेल अशा स्थितीत क्रँक फिरवून. खरवडायचं आणि लगेच व्हॅक्यूमने ओढायचं. बसवताना मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी ठेवून फिलर गेज सरकतो का बघा, वाकला असेल तर लेथवाल्याकडून प्लेन करून घ्या. गॅस्केट नवीन. जुन्याला सिलिकॉन फासून चालवू नका. तो सिलिकॉन आत ओघळून तुटतो. बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत. आठ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर पुरतात, तुमच्या इंजिनचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पाना लावा. ईजीआर व्हॉल्व्ह आणि त्याचा कूलर याच वेळी साफ करा, नाहीतर सहा महिन्यांत परत भेटू.

ईजीआरला पत्र्याची चकती लावून बंद करण्याबद्दल सगळेच विचारतात. मी करत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि मोठे इंजेक्टर, रीमॅप हेही त्याच रांगेत बसतात. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर हेच शोधत येतो. शिवाय तुमची गाडी मालवाहू. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी, आणि बीएस४ डिझेलला पीयूसीच्या धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज युनिट आहे, जुन्या गाड्यांसारखी ६५ नाही. मोठ्या नोझलची गाडी तिथे फुल ॲक्सिलरेटरवर पास करून दाखवा म्हणावं.

इंजेक्टर काढायची वेळ आली तर त्यांच्यावर एक ते चार खुणा करा, ज्याचा त्याच भोकात परत गेला पाहिजे. खाली तांब्याचा वॉशर असतो, तो नवीनच घालायचा. जुना बऱ्याचदा कार्बनमध्ये चिकटून भोकाच्या तळाशीच राहतो आणि घाईत वर दुसरा बसतो. मग इंजेक्टर वॉशरभर वर उचलला जातो, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायच्या ऐवजी कडेला पडतो. धूर वाढतो, आणि मालक म्हणतो ‘काल तर सर्व्हिस केली!’ टॉर्च लावून भोकात डोकवा, वॉशरची चमक दिसली तर आकडीने काढा. बसायची जागा स्वच्छ करा. थोडी जरी गळती राहिली तरी कॉम्प्रेशन फुसफुसत बाहेर येतं, टिक्‌-टिक्‌ आवाज येतो आणि महिनाभरात इंजेक्टरभोवती काळं डांबर चढतं, मग तो काढायला हेडच उतरवायची पाळी.

काढलेले इंजेक्टर कॉमन रेलचा टेस्ट बेंच असलेल्या डिझेल पंपवाल्याकडे न्या आणि छापील रिपोर्ट मागा. गळती, आयडलिंग, प्रीइंजेक्शन, फुल लोड, चारही ठिकाणचे आकडे. ‘फवारा मस्त आहे’ हा रिपोर्ट नव्हे. चारांतला एकच गेला असेल तर एकच बदला, पण इतरांचे आकडे मर्यादेत आहेत हे कागदावर बघून. अस्सल पार्ट घ्या. नवा इंजेक्टर महाग आहे हे मला माहीत आहे, म्हणून स्वस्त नोझल किट घालून ‘नव्यासारखा’ केलेला घ्यायचा मोह होतो. मी एकदा फसलोय. एका ठिकाणाहून असे चार आणले, गाडी पंधरा दिवस छान चालली, मग सुया अडकायला लागल्या आणि गिऱ्हाईक घाटात उभं. पैसे मी भरले.

इंजेक्टर बसवला म्हणजे काम संपलं असं नाही. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात मोजून त्याच्या अंगावर कोड छापलेला असतो, बनावटीप्रमाणे कुठे सात अक्षरी, कुठे सोळा. तो त्याच्या स्वभावाचा दाखला आहे: किती वेळ उघडला की किती डिझेल देतो. तो कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये त्या सिलिंडरच्या खात्यावर लिहावा लागतो. तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापूर्वी दोन नंबरचा इंजेक्टर कोणीतरी बदलला होता आणि तेव्हापासून आयडलिंगला हलकी टकटक आहे. मी पैज लावायला तयार आहे की तो कोड घातलेला नाही. सर्वांत आधी हेच बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एक राहिलं, थोडं टोचेल. तुमच्या गाडीच्या कागदावर १३०० किलो आहेत. वीस किलोचा क्रेट धरला तर ६५ होतात, क्रेटचं स्वतःचं वजन सोडून. तुम्ही ११० लिहिलेत. म्हणजे टोमॅटोच बावीसशे किलो. टोमॅटोचा भाव आणि डिझेलचा भाव मला कळतो, एका फेरीत दोन फेऱ्यांचं काम उरकायचं असतं. पण तेवढ्या वजनाने क्लच आणि ब्रेक आधीच अर्धे झालेत, आणि त्यात इंजिनला जास्त ताकद दिली तर पुढचं बिल गिअरबॉक्सचं. क्लच घसरतोय का हेही बघून घेऊ. चढावर आरपीएम वाढतात आणि वेग वाढत नाही, असं होतं का?

माझ्याकडे आणायची असेल तर आदल्या संध्याकाळी आणून लावा, क्रेट उतरवून. टाकी अर्धी भरलेली असू द्या, पेट्रोल पंपावरचं डिझेल, कॅनमधलं नको. सकाळी थंड इंजिनवर पहिला सेल्फ मला मारू द्या. आणि तो जुना दोन नंबरचा इंजेक्टर घरी पडला असेल तर फेकू नका, सोबत घेऊन या.